पडलं

“पडलं,” मुद्रितशोधक दाराकडे न बघता म्हणाला, आणि खुर्ची थोडी सरकवून त्याने जागा करून दिली.

स्वयंपाकघरातून त्याची बायको टॉवेलला हात पुसत आली. त्याच्या खांद्यावरून वाकून तिने कळफलकावर बोटं ठेवली, नजर खिडकीबाहेरच्या भिंतीवर लावली आणि टाइप केलं. पडद्यावरच्या चौकोनात काळे ठिपके भराभर उमटले. कुलूप उघडलं. ती आली तशी परत गेली. मुद्रितशोधकाच्या खांद्यावर तिच्या बाहीची ओल राहिली होती. ती वाळेपर्यंत त्याने काम सुरू केलं नाही.

कॉम्प्युटर मुळात तिचा होता. इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीमागे तिची बहुतेक नोकरी झाली. शेवटची काही वर्षं ती हेच काम घरून करत होती. लोकांच्या आजारांची माहिती असलेलं यंत्र, म्हणून नियम कडक. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप कुलूप पडायचं. पासवर्ड नवऱ्यालाही सांगायचा नाही, आणि टाकताना आपणही बघायचा नाही. निवृत्त झाल्यावर तिने खिडकी सोडली, नियम सोडले नाहीत.

आता त्या यंत्रावर तो प्रकाशकांची पुस्तकं तपासत असे. आणि अडचण अशी होती, की एखाद्या वेलांटीपाशी मुद्रितशोधकाला पाच मिनिटं सहज लागत. हनुवटीला मूठ लावून तो विचार करत बसे, आणि खुर्चीत कोणी नाही असा यंत्राचा समज होई. हा समज फारसा चुकीचा नाही असं त्याच्या बायकोचंही मत असावं. पण तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या घरात बोलून दाखवण्याची रीत मागे पडली होती.

भांडण झालं होतं असं नाही. भांडायला विषय लागतो, आवाज लागतो, निदान एका खोलीत उभं राहावं लागतं. मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि घरातली वाक्यं एकेक करून आखडत गेली, इतकंच. आधी विशेषणं गेली. मग ‘अहो’ आणि ‘अगं’ गेले. शेवटी नुसती क्रियापदं उरली. “वाढलंय.” “आलो.” “पडलं.” मुद्रितशोधकाच्या दृष्टीने पाहिलं तर मजकूर अगदी निर्दोष झाला होता. काढून टाकावा असा एकही शब्द त्यात उरला नव्हता.

त्यातल्या त्यात ‘पडलं’ हा शब्द त्याच्या आवडीचा होता. त्या शब्दाला माणूस येत असे.

पासवर्ड काय असेल यावर त्याने पुष्कळ विचार केला होता. ठिपके बरेच होते. मुलीचं नाव म्हणावं तर ते आखूड. त्याचं स्वतःचं नाव त्याहून आखूड, आणि तशी काही आशाही नव्हती. विचारावं असं त्याच्या मनात येई, पण विचारलं असतं आणि तिने सांगितलं असतं तर? मग ‘पडलं’ कशाला म्हणायचं?

एका रविवारी मेहुणा आला. मेहुण्याचा स्वभाव असा, की कुठल्याही घरी गेला की काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. वस्तू बिघडलेली असण्याची तो वाट बघत नसे. चहा पिता पिता त्याने दोनदा ‘पडलं’ ऐकलं, बहिणीची दोनदा झालेली ये-जा पाहिली आणि कप खाली ठेवला.

“भावोजी, हे काय चाललंय? बायको केलीत की वॉचमन ठेवलाय?”

“तिचा नियम आहे,” मुद्रितशोधक म्हणाला.

“नियम इस्पितळात. इथे चोर शिरला तर नेणार काय? तुमचे अनुस्वार?” मग तो बहिणीकडे वळला. “ताई, सांगून टाक की पासवर्ड एकदाचा.”

“तो सांगण्यातला नाही,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही विचारला नाहीत?”

मुद्रितशोधक शब्दकोशाची पानं चाळू लागला.

“धन्य आहे,” मेहुणा म्हणाला. “सरका.”

त्याने सेटिंग उघडली. पडद्याला कुलूप किती वेळाने लावायचं, असं यंत्राने विचारलं आणि पर्याय दिले. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाने. मेहुणा यादीच्या पार तळाशी गेला आणि मोठ्याने वाचलं, “कधीच नाही.” टिचकी वाजली. “सुरू करतानाही आता विचारणार नाही, तेही काढून टाकलं. काय ताई, सुटलीस की नाही?”

ती दारात उभी होती. तिने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

“बरं झालं,” ती म्हणाली.

“बरं झालं,” मुद्रितशोधकही म्हणाला. कित्येक महिन्यांत दोघांचं असं एकमत झालं नव्हतं.

त्यानंतर कामाने वेग घेतला. पडदा सकाळी उजळे तो संध्याकाळपर्यंत उजळलेला राही. एका वेलांटीवर अर्धा तास बसलं तरी मध्ये कोणी येत नव्हतं. प्रकाशकाने फोन करून शाबासकी दिली, आणि घरगुती नळदुरुस्तीवरचं एक जाडजूड पुस्तक पाठवून दिलं. शाबासकीची शिक्षा लगेच मिळते, हा त्या धंद्याचा शिरस्ता आहे.

मुद्रितशोधक मात्र दिवसातून तीनचार वेळा पाणी प्यायला उठू लागला. स्वयंपाकघरात ती पाठमोरी असे. तो पेला भरून घेई, शक्य तितक्या सावकाश पिई, पेला उपडा घालून परत येई. एकदा तो मुद्दाम मोठ्याने खोकला. भांड्यांचा आवाज थांबला. तो दुसऱ्यांदा खोकला नाही, आणि भांडी पुन्हा वाजू लागली. कधी कधी तिची पावलं त्याच्या दारापर्यंत येत. मग पुढे जात. पुढे तर काहीच नव्हतं, नुसता बंद गॅलरीचा दरवाजा.

एका दुपारी त्याने स्वतःच कुलूप परत लावायचं ठरवलं. सेटिंगमध्ये शिरून त्याने बाण हळू केला, अक्षरं मोठी केली, घड्याळ भलत्याच गावच्या वेळेवर नेलं. कुलूप काही सापडलं नाही. मेहुण्याला फोन लावला असता तर त्याने हसत हसत सांगितलं असतं, पण आधी ‘कशाला?’ असं विचारलं असतं. मुद्रितशोधकाने फोन हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

तो पडद्याकडे बघत राहिला. नळदुरुस्तीचं पान लख्ख उघडं होतं. मग, आयुष्यात कधी विरामचिन्हाचंही खोटं न बोललेला तो माणूस दाराकडे न बघता म्हणाला, “पडलं.”

स्वयंपाकघरात काहीतरी घाईने खाली ठेवल्याचा आवाज आला. ती आली. यावेळी हात पुसायचं राहिलं होतं. त्याने खुर्ची सरकवली. ती वाकली, नियमाप्रमाणे खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत तिने टाइप केलं आणि शेवटची कळ दाबली.

कुलूप नव्हतंच, त्यामुळे उघडलं काहीच नाही. पण कळफलक मराठीवर होता. इंग्रजी अक्षरं दाबली की आपल्या मनाने मराठी उमटवणारा. आणि कर्सर मजकुराच्या मधोमध उभा होता. तिथे ठिपके पडत नाहीत, अक्षरं पडतात.

‘नळ बंद करूनही थेंब गळत असल्यास वॉशर बदलावा. काहितरिबोला’

ती मान वळवेपर्यंत त्याचं वाचून झालं होतं. मग तिनेही वाचलं. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं, ती त्याच्या खांद्यावरून वाकून हेच लिहीत आली होती.

“पडलं नव्हतं,” ती म्हणाली.

“नाही.”

तिचं बोट खोडायच्या कळीकडे गेलं. त्याने कळीवर आपला पंजा आडवा ठेवला.

काहीतरी म्हणायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. त्याने शब्द शोधला. तोंडात आला तो सवयीचाच आला.

“वेलांट्या चुकल्यात,” तो म्हणाला. “दोन्ही दुसऱ्या हव्यात.”

“ठिपक्यांना कसल्या वेलांट्या?”

“आणि ‘बोला’ जोडून नाही लिहायचं. ते वेगळं.”

“मग बोला की वेगळं.”

मुद्रितशोधकाने चष्मा काढला. काचा स्वच्छ असूनही शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसल्या. दुसऱ्यांची हजारो वाक्यं त्याने सरळ केली होती, पण ती सगळी आधी कोणीतरी सुरू करून ठेवलेली असत. चष्मा पुन्हा लावला तेव्हा समोर कळफलक होता, कळफलकावर तिचा ओला हात होता, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा तांबूस, चकचकीत डाग होता.

“हाताला काय झालं?”

“भाजलं होतं.”

“कधी?”

“झाला की महिना. बरं झालंय आता.”

पण हात तिने उचलला नाही.