रत्नम्माचा फलाट, सिद्धूची बाभळ

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, माणूस रानात जाऊन पोटभर भज्जी खातो, आंबील पितो आणि कडब्याच्या कोपीच्या सावलीला आडवा होतो. रत्नम्मा मात्र जेवण अर्धं टाकून हरभऱ्यात शिरली होती, तेही पासष्टीच्या वयात. कारणच तसं होतं. उद्या सकाळी तिचा भाऊ सिद्धेश्वर रानातल्या पडीक तुकड्यात पोकलेन घालून शेततळं खोदणार होता, आणि रत्नम्माचं म्हणणं, त्याच तुकड्याखाली छोट्या रेल्वेचा फलाट आहे. रेल्वे बंद झाली, रूळ उचलले, तेव्हा ती उदगीरला सासरी होती. पण त्या फलाटावर बसून त्यांचे अप्पा तिकिटं विकायचे. तोही उकरून टाकला, तर अप्पांचं म्हणून राहिलं काय?

“अक्का, गाडी त्या बाभळीपाशी थांबायची,” सिद्धेश्वर म्हणाला. “म्हणून तर मी दरसाल तिथं अप्पांच्या नावानं नारळ फोडतो.”

“भलत्याच पत्त्यावर फोडतोस. थांबा बंद पडला तवा तू एवढासा होतास. अप्पांचा डबा मी न्यायचे.”

“मग दाखव शोधून. सापडला तर पोकलेन येत न्हाई.”

झालं! एवढं बोलणं रत्नम्माला पुरे होतं. हरभऱ्यात एका पट्ट्यात रोपं खुरटी होती, पायाला खडी टोचत होती. काळ्या रानात खडी आली कुठून? पण थोडं पुढं गेलं की पट्टा हरवायचा. रत्नम्मा जाम चिडली. तिनं पदर खोचला आणि बांधापलीकडच्या पाण्याच्या टाकीची शिडी धरली. खालून घरचे सगळे ओरडत राहिले, पण ऐकतंय कोण.

वर पोचली आणि तिला हसूच फुटलं. अख्खी लाईन दिसत होती. हिरव्या हरभऱ्यातून पिवळसर पट्टा वळत आला होता, पडीक तुकड्यापाशी चांगला फलाटाएवढा रुंद झाला होता आणि मग बाभळीच्या कडेनं बारीक होऊन लातूरकडं गेला होता.

“सिद्ध्या, वर ये. आत्ताच्या आत्ता ये.”

सिद्धेश्वर धापा टाकत वर आला आणि बघतच राहिला. रत्नम्माचा आनंद पोटात मावत नव्हता.

“बोल आता. हरलास का न्हाई?”

“हरलो.” मग तो हळूच म्हणाला, “तू सासरी निघालीस त्या दिवशी फलाटावर अप्पांनी माझा हात धरला होता. मी हिसडा मारून गाडीच्या बाजूनं पळालो. हळू जायची ना ती. तू खिडकीत होतीस, डोईवर पदर. बाभळीपाशी गाडीनं वेग धरला. तिथून तू दिसली न्हाईस. केवढा लांब पळालो ते मला आज कळतंय. तू शेवटची तिथंच दिसलीस, म्हणून मी समजायचो, गाडी तिथंच थांबायची.”

रत्नम्माला हे ठाऊकच नव्हतं. ती पदरात तोंड खुपसून रडत होती, खिडकीबाहेर तिनं बघितलंच नव्हतं.

सिद्धेश्वरनं फोन काढून पोकलेनवाल्याला लावला. “उद्या येऊ नका. जागा चुकली माझी.”

रत्नम्मानं त्याचा दंड घट्ट धरला. 

“न्हाई चुकली,” ती कशीबशी म्हणाली. “नारळ बाभळीपाशीच फोडत जा.”