कुंपणापलीकडचं पाणी

"अजून एकदा ऐक," म्हणत अम्मारने मोबाइल फजलच्या कानाशी धरला. "कॉम्प्रेसरच्या आवाजात तुला नीट ऐकू आलं नसेल."

फजलला सगळं ऐकू आलं होतं. तरीही तो पाना हातात धरून वाकून उभा राहिला आणि अम्मारच्या बहिणीचा, शफाचा, धापा टाकणारा आवाज पुन्हा ऐकू लागला.

"भाऊ, शहराला वेढा पडलाय. रेडिओवर सांगितलं, शांतिसेनेच्या गाड्या निघाल्यात, सगळ्यांनी जुन्या छावणीत जमा. अख्खी गल्ली निघाली. आईही तिकडेच जायचं म्हणते. दुसरी वाट पश्चिमेला, सरहद्दीकडे, पण ती सगळी उन्हाची, आणि आईला तर चालवत नाही, माझी तिन्ही पोरंही लहान. तुझ्याबरोबर तो हिंदी आहे ना? तो छावणीत आत राहिलेला माणूस. त्याला विचार. संध्याकाळी गच्चीवर रेंज येते, तेव्हा फोन करते. तो म्हणेल तसं करू."

तो म्हणेल तसं करू! फजलने पाना पुन्हा नटावर चढवला.

"पंप बघू दे आधी," तो अरबीत म्हणाला. "ग्लँडमधून पाणी गळतंय."

आखातातल्या अल रुवैस बंदरावरच्या या बर्फाच्या कारखान्यात फजल पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळायचा. अम्मार सुदानी, बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर. दोघांची ओळख झाली ती फजलच्या बोलीवरून. रत्नागिरीकडचा हा माणूस अरबी बोलताना थेट अम्मारच्या आईसारखे हेल काढतो, हे ऐकून अम्मार पहिल्याच दिवशी गाडीतून खाली उतरला होता. "कुठे शिकलास हे?" फजलने सांगितलं, वादी सिद्र. तिथल्या शांतिसेनेच्या छावणीत ठेकेदाराकडे पाण्याच्या पंपांवर होतो. अम्मारने त्याला कडकडून मिठी मारली होती. वादी सिद्र म्हणजे त्याचंच शहर.

"काय फजलभाई, मीटिंग चालू आहे का?" प्लांटचे इंजिनिअर गिरीश आत आले. नाशिकचा माणूस, तोंडाने फटकळ, मनाने बरा. "तासाभरात बोटी लागतील आणि आपल्याकडे बर्फाऐवजी सरबत तयार असेल." मग अम्मारचा चेहरा पाहून ते थबकले. फजलने दोन वाक्यांत सांगितलं.

"मग प्रॉब्लेम काय आहे? फोर्स येतेय म्हणजे तो सेफ झोन झाला ना. जाऊ देत तिथे. तुम्ही तर पाहिलीयत ती माणसं. चांगली असतात की नाही?"

"चांगली होती, साहेब," फजल म्हणाला.

आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिथले शिपाई पोरांना बिस्किटं वाटायचे, म्हाताऱ्यांना गोळ्या-औषधं द्यायचे. ती माणसं वाईट असती तर मनाला एक टेकू तरी मिळाला असता.

दुपारी तो घरी गेला. त्याच्या बायकोचा, ताहेरुन्निसाचा, गुरुवारचा रोजा होता. लग्न होऊन आल्यापासून तिने सोमवार-गुरुवार कधी चुकवला नव्हता. तिने त्याच्यापुढे तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सालन ठेवलं आणि जपाची तसबीह घेऊन जवळच बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "भाकरीचा भुगा कित्याला करताव? खावचा नसल तर झाकून ठेवतंय."

"भूक नाय."

"काय झाला?"

"काय नाय."

"काय नाय म्हनताव आनि तोंड तर मयतीवरना आल्यासारखा हाय."

फजलने ताट बाजूला सारलं आणि निरोपाचं सांगितलं. मग, इतक्या वर्षांत जे तिला कधी सांगितलं नव्हतं, तेही बोलता बोलता बाहेर आलं.

वादी सिद्रच्या छावणीत फजल गेला तेव्हा आसपासची गावं जळत होती. पळालेली माणसं डोंगराकडे जाताना छावणीच्या तारेजवळून जात. घोटभर पाण्यासाठी थांबत, हात तारेतून आत घालत. फजलच्या गावी दारात आलेल्या फकिरालाही आधी पाणी विचारायचं, मग नाव. त्याला ते हात बघवले नाहीत. ठेकेदाराच्या साहेबाच्या मागे लागून त्याने परवानगी काढली, बोअरवरून एक पाइप तारेखालून बाहेर नेला आणि तिथे नळ बसवले. पाणी गोड लागलं. लोक त्याला 'हिंदीचा नळ' म्हणू लागले. सेनेच्या मोठ्या साहेबांनी त्या नळाशी उभं राहून फोटो काढून घेतले.

पण पाणी मिळाल्यावर माणसं पुढे जाईनात. वर निळा झेंडा, मनोऱ्यावर बंदूकवाले शिपाई, आणि दाराशी पाणी. आणखी काय पाहिजे होतं? तारेला लागून झोपड्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, एक शाळाही सुरू झाली.

मग एका सकाळी गावं जाळणाऱ्यांच्या गाड्या आणि घोडे आले. मारणाऱ्यांना कुणाला शोधावं लागलं नाही. सगळी माणसं एका जागी होती. ती तारेवर येऊन आदळली, पोरं वरून आत टाकू लागली. फजल पंपघराच्या दारात उभा होता. मनोऱ्यावरचा शिपाई, कोवळा पोरगा होता तो, बंदूक धरून रडत होता. खाली साहेब रेडिओवर विचारत होते, उघडू का, उघडू का? पलीकडून एकच उत्तर, थांबा. गेट बंद राहिलं. दुपारी बाहेर सगळं शांत झालं, तरी पाणी आपलं वाहतच होतं. पंप बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ताहेरुन्निसाच्या हातातली तसबीह थांबली होती.

"तुमी पानी दिलाव," ती हळू आवाजात म्हणाली. "गोल्या कुनी झाडल्या?"

"पानी नसता तर ते थय बसले नसते गो. डोंगरात पांगले असते. थोडे तरी वाचले असते."

"मग आता त्यांना काय सांगनार?"

"माझ्या सांगन्यान कुनी मेला तर? आनि या बारीला गाड्या खरंच आल्या तर? मी कोन सांगनार?"

ती उठली, त्याचं ताट झाकून ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, "नका सांगू मग. थयच्या सायबान पन गेट उघडा म्हनून सांगितलान नाय ना."

आवाज नेहमीसारखाच मऊ होता. पण फजल चपला घालून बाहेर पडला तो थेट बंदरावर.

उन्हं कलली होती. जेटीवर लाकडी बोटी एकमेकींना घासत होत्या. अम्मार एका बोटीच्या सावलीत मोबाइल दोन्ही हातांत धरून बसला होता, चिमणीचं पिल्लू धरावं तसा. फजल त्याच्या शेजारी टेकला. फोन वाजला तेव्हा अम्मारने तो स्पीकरवर टाकून फजलच्या पुढ्यात धरला.

"विचारलंस?" शफाचा आवाज.

"हा इथेच आहे."

फजल मोबाइलवर वाकला. "शफा, छावणीकडे जाऊ नका. जिथे सगळे जमतात तिथे थांबू नका. पश्चिमेला निघा, आजच निघा."

"पण गाड्या येतायत म्हणतात."

"वाटेत थांबतील. पुढे जायची परवानगी मागत थांबतील. मी पाहिलंय. ती माणसं वाईट नसतात गं, पण ती थांबतात."

पलीकडे खरखर झाली आणि म्हातारा, ठाम आवाज आला. "ऐक रे हिंदी. मी अम्मारची आई. तुझ्या नळाचं पाणी मी प्यायले आहे. तिथे बोअर अजून आहे. चालून मरण्यापेक्षा पाण्यापाशी बसलेलं काय वाईट?"

"खाला, नको. त्या पाण्यापाशीच..."

"माहीत आहे मला. तेव्हा मी इथेच होते. माणसं गोळ्यांनी मेली, पाण्याने नाही. तू कशाला जिवाला लावून घेतोस?"

अम्मारने तोंड फिरवून समुद्राकडे केलं. मग फजलने दोन्ही हात जोडले, जणू म्हातारीला ते दिसणारच होते. "खाला, तुमच्या पाया पडतो. गाढव मिळेल, गाडा मिळेल, काहीही बघा. पण पोरांना घेऊन तिथे बसू नका."

पलीकडे पुन्हा खरखर झाली. मग शफा म्हणाली, "शेजाऱ्याचं गाढव आहे. आईला त्यावर बसवते. निघतो आम्ही." आणि रेंज गेली.

"खलास, ठरलं आता," अम्मार स्वतःशीच म्हणाला. मशिदीतून मगरिबची बांग झाली तरी दोघं उठले नाहीत. घरी ताहेरुन्निसाने एका खजुरावर रोजा सोडला आणि दार उघडं ठेवून वाट पाहत बसली.

पुढचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. शफाचा फोन लागेना. फजल पंपाचा आवाज जरा बदलला तरी दचकायचा. बर्फाच्या लाद्या भरताना अम्मारशी नजरानजर झाली की दोघंही लादीकडे पाहायचे. पण अम्मार चहा आणायचा तो दोन कप आणायचा, एक फजलच्या हाताशी ठेवून निघून जायचा. त्या चहाचा फजलला धाक वाटायचा. तो चहा उद्या बंद झाला तर आपण काय समजायचं?

गिरीश साहेबांच्या केबिनमध्ये टीव्ही असायचा. आधी बातमी आली, शांतिसेनेच्या गाड्या शहराबाहेर थांबल्या आहेत, पुढे जाण्याच्या परवानगीची वाट पाहत आहेत. मग वरून घेतलेलं छावणीचं चित्र आलं, माणसांनी काळं झालेलं. पुढच्या बातमीत ते चित्र नव्हतं, धूर होता. शेवटी कोटातला एक गृहस्थ म्हणाला की, घडलं त्याबद्दल आम्हाला तीव्र दुःख आहे. गिरीश साहेबांनी टीव्ही बंद केला. फजलकडे पाहिलं आणि डोक्यावर हेल्मेट चढवून बाहेर गेले.

"तुमचाच बरोबर होता," घरी ताहेरुन्निसा म्हणाली.

"गप ऱ्हव," फजल खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर खेकसला होता. "त्यांचा फोन येऊदे. मग बोल."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेला अम्मार रांगेत दिसला नाही. फजलचं मन इमामाच्या खुतब्यात लागेना. असरची नमाज झाल्यावर दारावर थाप पडली. अम्मार उभा होता, धुतलेला पांढरा झब्बा घातलेला. डोळे सुजलेले होते, पण तो शांत होता.

ताहेरुन्निसाने पदर डोक्यावर नीट घेतला, खजूर आणि अरबी कॉफीचा कावा आणून ठेवला आणि आत सरकली.

"शफा सरहद्दीपलीकडे पोचली," अम्मार म्हणाला. "पोरंही पोचली. पाय सोललेत, बाकी धड आहेत."

"अल्हम्दुलिल्लाह," फजल म्हणाला आणि पुढच्या वाक्याची वाट पाहू लागला.

"शहराबाहेर पहिल्याच चौकीवर गाढव काढून घेतलं. आई रस्त्याकडेला बसली. छावणीकडे जाणारे शेजारी गाडा ढकलत चालले होते. शफा आईला उचलू बघत होती. आई म्हणाली, हिंदीने पोरांसाठी हात जोडलेत, तू पोरांना घेऊन जा. आणि गाड्यात चढली." अम्मारने कावा उचलला, पण प्यायला नाही. "त्या शेजाऱ्यांतला एक वाचला. त्याने तिला पाहिलं. सगळं झाल्यावरही पाहिलं."

फजलची मान खाली गेली.

"अम्मार, मी तेव्हा बोललो नसतो..."

"तर पाचही जण तिथे असते," अम्मार मध्येच म्हणाला. "ते बोलायला मी आलो नाही. एक मागायला आलोय. आमच्या मालिकी रिवाजात मय्यत समोर असल्याशिवाय जनाज्याची नमाज होत नाही. तिला तर कबरही नाही. तुम्ही शाफई लोक समोर नसलेल्याचीही पढता ना?"

"हो. गायबाना पढतो."

"मग तू पढव. मी मागे उभा राहतो."

फजल उठूनच उभा राहिला. "मी? अरे, मी कुठला इमाम? चल, मशिदीत जाऊ, मौलाना पढवतील. मी पंपवाला माणूस..."

"मशिदीतल्या इमामाने माझ्या आईचा आवाज ऐकलेला नाही," अम्मार म्हणाला. "तू ऐकलायस."

फजल नमाजेआधीचे हातपाय धुवायला, वजू करायला गेला. नळाखाली हात धरून तो इतका वेळ उभा राहिला की ताहेरुन्निसाने बाहेरून हळूच कडी वाजवली.

तो परतला तेव्हा तिने टीपॉय भिंतीशी सरकवला होता, सतरंजीवर धुतलेली चादर अंथरली होती. किब्ला, म्हणजे नमाजेची दिशा, फ्रिजच्या बाजूला होती. वादी सिद्रही त्याच दिशेला, समुद्र ओलांडून फार पुढे. फजल पुढे उभा राहिला. त्याच्या मागे अम्मार आणि अम्मारच्या मागे, दाराच्या चौकटीपाशी, ताहेरुन्निसा.

या नमाजेत ना रुकूत वाकणं असतं, ना सजद्यात माथा टेकणं. नुसतं उभं राहायचं. मनात नियत करायची ती मात्र नेमकी, कुणासाठी पढतो आहोत ते ठरवून. फजलने अम्मारच्या आईची नियत करायला डोळे मिटले, हात खांद्यापर्यंत उचलले, आणि मनात तारेपाशीच्या माणसांची गर्दी झाली. बायका, म्हातारे, पोरं. कुणाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. अल्लाहु अकबरची तकबीर ओठांशी येऊन अडली. हात तसेच वर राहिले.

मागे अम्मार घाई न करता उभा होता. "यल्ला, फजल," तो अगदी हळू म्हणाला. "सगळ्यांची पढ."