घरची सरी

प्रश्न १. शेतकऱ्याचे पूर्ण नाव (स्वच्छ अक्षरात)

देवकीने फॉर्मवर आपलं नाव लिहिलं, पुढे नवऱ्याचं लिहिलं आणि आडनाव लिहायच्या आधी पेन झटकलं. ओटीवर बसलेला धाऊ, तिचा नवरा, अंगणात तंबाखूची पिंक टाकून म्हणाला, "लिव, लिव. आता तूच शेतकरी. आमी काय, गडी."

शेजारी संदेश बसला होता. धाऊच्या चुलतभावाचा मुलगा. गावात कुठलीही योजना आली, की ती याच्या मोटरसायकलवर मागे बसून यायची. ही योजना वाशीहून आली होती. तिथली एक कंपनी विमानाने परदेशी भेंडी पाठवायची. तिला विषारी औषधं न मारलेली, पाणी जपून पिकवलेली भेंडी हवी होती. बांधावर पाखरं असली तर आणखी बरं. भाव दीडपट. त्यातून गटाची अध्यक्ष बाई असली तर कंपनीच्या कागदावर शोभून दिसायचं. म्हणून गावातल्या चौदा खातेदारांचा गट झाला, अध्यक्ष देवकी, आणि सगळ्या कागदांवर सही देवकीची.

"काकी, तुमी फक्त सही करायची," संदेश म्हणाला. "बाकीचं टेन्शन माजं."

प्रश्न २. सिंचनाचा स्रोत

कालवा.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवरचं गाव. कालवा नव्हता तेव्हा भात झोडून झालं की ओलीवर वाल फेकायचे आणि माणसं कसाऱ्याला खडी फोडायला जायची. पाणी आलं आणि चार उन्हाळ्यांत सगळं शिवार भेंडीचं झालं. बांधावरची झाडं सावली धरतात म्हणून तोडली. मग मावा आला, तुडतुडे आले, फळात अळी आली. अळीमागून औषधाचे डबे आले. गावात कुणी त्याला विष म्हणत नसे. विष प्यायचं असतं, औषध मारायचं असतं. संध्याकाळी मारायचं, सकाळी तोडायचं, दुपारच्या टेम्पोला माल घालायचा. रिकामे डबे पाटातच धुवायचे, की पाट पुढे ओढ्यात. ओढ्यात मग मळवे मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे आणि त्यांच्यावर कावळासुद्धा उतरायचा नाही.

आणि प्रत्येक घराची एक सरी वेगळी. मोरीच्या पाण्यावरची, दहा-वीस रोपांची. तिच्यावर औषध मारायचं नाही. ती घरची सरी. घरात खायला तिच्यातली, लेक माहेरी आली तर तिच्यातली, पाव्हण्याच्या पानात तिच्यातली. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. जसं उंबऱ्यावर बसायचं नाही, तसं बाजारच्या वावरातली भेंडी खायची नाही.

प्रश्न ३. शेतात आढळणारे पक्षी व मित्रकीटक

इथे दोन ओळींची जागा होती. देवकीने समास भरला, मग कागद उलटा करून पाठीवर लिहिलं. कोतवाल. वेडा राघू. साळुंक्या. कुंभारकुकडा, पण तो दोनदाच. कोळी तीन जातींचे, त्यातला एक पिवळा, फुलात दडून बसतो. लाल ढालकिडे, ठिपक्यांचे. मधमाश्या मोजल्या नाहीत.

हे सगळं तिच्या तीन गुंठ्यांत होतं, ओढ्याच्या काठच्या तुकड्यात. ही शेती ती कुठल्या प्रशिक्षणात शिकलेली नव्हती. शिसारीतून केली होती. धाऊ पिंपात औषध ढवळायचा तो काठीने नाही, हाताने, कोपरापर्यंत. मग हात बनियनला पुसायचा. ते बनियन देवकी धुवायची. एके दुपारी भाताचा घास तोंडाशी नेला आणि तिच्या स्वतःच्या बोटांना तो वास आला, सडक्या लसणीचा, गोडसर. ती परसात जाऊन ओकली. परत आली ती बोलतच. "मला ओढ्याकडचा तुकडा द्या. तिथं तुमचा पंप नाय आणायचा."

"तीन गुंठ्यांत काय पिकवशील? केसात माळायला फुलं?"

फुलंही लावली तिने. झेंडू, सरीच्या टोकांना. कडेने मका लावला, की शेजारचा फवारा वाऱ्यावर येऊ नये. मध्ये चवळी, तिच्यावर मावा येई आणि माव्याच्या मागे ढालकिडे. सऱ्यांत भाताचा पेंढा अंथरला, त्यामुळे कालव्याची एक पाळी चुकली तरी माती ओली राही. पहिल्या वर्षी निम्मी भेंडी किडली. गाव हसलं. दुसऱ्या वर्षी दहातली एक किडली. डब्यांचा खर्च नाही, पंप नाही, गडी नाही. वर्षाखेरी तिच्या तीन गुंठ्यांतून हाताशी उरलं ते धाऊच्या खालच्या एकराच्या अर्ध्याला भिडलं. धाऊने ते ऐकलं आणि तंबाखू मळत बसला.

गाव हसायचं थांबलं तेही एका वेगळ्या कारणाने. फवारे एवढे वाढले होते, की घरोघरच्या सऱ्यांनाही वास लागला. मग एकेक घर ताटली घेऊन देवकीकडे येऊ लागलं. "काकी, पावशेर द्या गो, जावय आलाय." चौदाच्या चौदा घरं तिच्या तीन गुंठ्यांतलं खात होती आणि आपल्या एकरातलं मुंबईला पाठवत होती.

प्रश्न ५. मजुरांची सुरक्षा

(चौथा प्रश्न बँकेचा होता. तो संदेशने भरला.)

भेंडी तोडायला वाडीवरची चिमा यायची. भेंडीची लव बोटांना खाजते म्हणून हातात नवऱ्याचे जुने मोजे घालायची. दिवस संपला की मजुरीवर ओंजळभर भेंडी द्यायची रीत. ही ओंजळ कुठल्या वावरातली, हे देवकीने कधी मनात आणलं नव्हतं. म्हणजे आणलं होतं. खालच्या एकरातली. सहा वर्षं.

फॉर्म भरताना तिचं पेन या प्रश्नावर अडकलं. संध्याकाळी तिने चिमाला विचारलंच, "चिमे, मी देते ती भेंडी तू पोरांना घालतेस?"

चिमा मोजे काढता काढता खदखदून हसली. "बाय, आमी काय येडी हाय? मी रोज फवाऱ्याच्या मागं मागं तोडते. ती आमी कोंबडीला बी घालत नाय."

"मग करतेस काय तिचं?"

"इकते. मुरबाडच्या बाजारात."

"आणि घेतं कोण?"

"ज्याला ठावं नाय तो."

 

प्रश्न ६. नमुना कोणाच्या उपस्थितीत घेतला?

गुरुवारी कंपनीचा माणूस येणार होता. साईनाथ नावाचा, वाशिंदचा. प्रत्येक खातेदाराच्या वावरातून किलोभर भेंडी काढून, नाव लिहिलेल्या पिशवीत भरून तो तपासायला नेणार होता.

त्या सकाळी देवकी पाणी बघायला गेली आणि मक्याच्या कडेला थबकली. तीन गुंठे ओरबाडलेले होते. निबर, कोवळी, बोटाएवढीसुद्धा, सगळी भेंडी नेलेली. चवळी पायाखाली तुडवलेली. ती घरी आली तर ओटीवर चौदा पिशव्या मांडलेल्या, आणि संदेश एकेकीवर नाव डकवत होता. धाऊ, अमका, तमका. चौदा नावं, एका तुकड्यातली भेंडी.

"ही माजी भेंडी हाय," देवकी म्हणाली.

"गटाची हाय, काकी. तुमी अध्यक्ष ना?"

"आणि पास झाल्यावर टेम्पोत काय घालणार?"

धाऊ म्हणाला, "जे हाय तेच घालणार. ते गोरे मरत नाय आपल्या भेंडीनं. थंड देशातले हायेत."

संदेशला हे फार आवडलं. तो मांडीवर थाप मारून हसला. देवकीने त्याच्या हसणाऱ्या तोंडाकडे पाहिलं. दातांत भेंडीची बी अडकलेली होती. काल संध्याकाळी त्याची बायको कविता तिच्याकडूनच ताटली भरून घेऊन गेली होती.

"सही जेवणं झाल्यावर करते," ती म्हणाली आणि टोपली घेऊन खालच्या एकरात गेली.

प्रश्न ७ फॉर्मात नव्हता. छापायचा राहिला असावा. तिथे जेवण झालं ते असं:

पंगत ओटीवर. साईनाथ मध्ये, एका अंगाला धाऊ, दुसऱ्या अंगाला संदेश. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट, आणि लसणीवर परतलेली भेंडी, हिरवीगार, एकीलाही भोक नाही. देवकीने तिघांना हात सैल सोडून वाढली. धाऊने भाकरीचा तुकडा मोडला, भेंडीवर ठेवला.

"खालच्या एकरातली हाय," देवकी म्हणाली. "ओढ्याकडच्या तुकड्यात काय उरलं नाय."

धाऊचा हात तिथेच राहिला. मग बोटं हळूच सरकून सुकटीकडे गेली.

"खावा ना," ती म्हणाली.

"पोटात गुबारा धरलाय सकाळपासून."

"आणि संदेश, तू रे?"

"काकी, माजा गुरुवार."

"सुकट चालते गुरुवारला?"

संदेशने तोंडातली सुकट गिळली की ठेवली, कळलं नाही.

आता हा कंपनीचा माणूस बघेल, यांचे थांबलेले हात बघेल, आणि समजेल. एवढंच देवकीला हवं होतं. ती साईनाथकडे वळली. त्याची भाकरी संपत आली होती. बिरडं संपलं होतं. भेंडी पानाच्या कडेला होती, वाढली तशी, ढिगाचा आकारही न मोडलेली. तिने वावराचं नाव घेण्याआधीच त्याने ती बाजूला सारली होती.

"मला वाढू नका, वैनी," तो खाली बघत म्हणाला. "मी भेंडी खात नाही. या लाइनीत आल्यापासून सोडली."

 तीन पानं आणि तिन्ही पानांत तीच भेंडी, तेलात चकचकणारी. तिच्यावर माशी बसली होती की नाही, हे देवकीने बघायचं टाळलं.

प्रश्न ८. शेवटची फवारणी केव्हा व कशाची?

"हं, इथं काही नाही असं लिहा आणि खाली सही," साईनाथ हात पुसत म्हणाला.

देवकीने लिहिलं. काल संध्याकाळी, खालच्या एकरात आणि बाकीच्या तेरा जणांच्या वावरांत, आठवड्यातून दोनदा, आणि डब्यांची नावं, जी तिला धुऊन धुऊन पाठ होती. चौदाही पिशव्या ओढ्याकाठच्या तीन गुंठ्यांतल्या आहेत, हेही लिहिलं.  मग सही केली, पूर्ण.

साईनाथने दोनदा वाचलं. "वैनी, हा कागद मी साहेबापुढं ठेवू शकत नाही."

"मग माज्या एकटीच्या नावानं पिशवी न्या. ती खरी हाय."

"तीन गुंठ्यांसाठी गाडी येत नाही. कंपनीला टेम्पो भरून माल लागतो." तो बूट घालायला उठला. वाईट माणूस नव्हता. म्हणूनच देवकीला त्याची जास्त किळस आली.

तो गेला. संदेश अंगणात उभा राहून बोलत होता, चौदा घरांच्या तोंडचा घास, बाईची अक्कल, असलं काहीबाही.  धाऊने घरातला फवाऱ्याचा पंप उचलून संदेशच्या हाती दिला आणि म्हणाला, "ने."

इतर काही सांगायचे असल्यास

शनिवारी सकाळी कालव्याच्या पाण्याची पाळी देवकीची होती. ती बांधावर पोचली, आणि मक्याच्या अलीकडेच तिला तो वास आला. पेंढ्यावर दुधी डाग होते. झेंडूच्या खाली मधमाश्या पडल्या होत्या. काही अजून पाय हलवत होत्या, गोल गोल, जागच्या जागी. ढालकिडे उलटे पडलेले. पिवळा कोळी फुलातच होता. तिने गवताच्या काडीने हलवला, तो हलला नाही. नवीन धरलेली कोवळी भेंडी मात्र झाडावर उभीच होती, ताजी, ओली.

इतक्यात मागून हाक आली. "काकी! हायेत का?" कविता, संदेशची बायको, ताटली घेऊन. "माजा भाऊस आलाय टिटवाळ्याहून. पावशेर देता?"

तिला ठाऊक नव्हतं. देवकीने तिच्याकडे पाहिलं. एक शब्द न बोलता ताटली भरता आली असती. सहा वर्षं चिमाची ओंजळ भरली तशीच. तोडायच्या सवयीने हात पुढे झालेही होते.

"नको नेऊ," ती म्हणाली. "काल तुज्या नवऱ्यानं हिच्यावर औषध मारलंय."

कविता तशीच उभी राहिली. ताटली पोटाशी धरून तिने चौफेर नजर फिरवली, खालचं एकर, पलीकडचं, त्याच्या पलीकडचं, सगळं हिरवं. "मग आता आमी खायचं काय गो काकी?"

 पाटात पाणी खळखळत येत होतं, तिच्या पाळीचं. सरीत शिरलं असतं तर पेंढ्यावरचं सगळं औषध धुऊन ओढ्यात गेलं असतं. ओढ्यावर आत्ता, याच वेळी, चिमा आणि वाडीच्या बायका दगडाखाली हात घालून खेकडे काढत असतील.

तिने लुगडं खोचलं, गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून सरीचं तोंड बुजवायला लागली. लांबून धाऊ ओरडत होता, "अगं ए, पाळी फुकट चाललीय! सुकतील सगळी!"

"सुकू द्या," ती म्हणाली, पण एवढ्या हळू, की ते कविताला तेवढं ऐकू गेलं. कविताने ताटली बांधावर ठेवली आणि तीही चिखलात हात घालून बसली.