दोन गर्भांचा जनरेटर

पिंपळगाव बसवंतच्या केरूनानांचा उभ्या आयुष्यात एका गोष्टीवर विश्वास बसला नाही, ती म्हणजे लाईट. एकदा ती ऐन हंगामात गेली आणि त्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये निर्यातीच्या द्राक्षांचा लगदा झाला. त्यामुळे सून निकिता हिचे दोन गर्भ नाशकातल्या दवाखान्यात गोठवून ठेवलेत असं कळल्यावर त्यांनी त्या फटक्यानंतर घेतलेला कोल्डचा जनरेटर टेम्पोत घातला आणि दवाखान्याच्या दारात मुक्काम ठोकला.

निकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गर्भ होतेच दोन. कारण एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी पोटात भलतीकडेच वाढायचं आणि दर पाळीला तिला आडवं करायचं. "सगळ्यांनाच दुखतं गं," असं सासूबाई, सिंधुबाई, सांगत राहिल्या. तोवर आजार अंडाशयापर्यंत पोचला, आणि अंडी मिळाली ती मोजकीच.

डॉक्टर आभांनी नानांना आत नेऊन गर्भ ठेवलेली टाकी दाखवली. "नाना, यात द्रवरूप नायट्रोजन असतो, तोच गर्भ गोठलेले ठेवतो. हिला लाईट लागतच नाही."

"कोल्डला लाईट लागत नाय?" नाना हसले. "ताई, मी शेतकरी हाय, येडा नाय."

जनरेटर कशालाही न जोडता धडधडत राहिला. इतर पेशंटचे नातेवाईक येऊन हळूच म्हणू लागले, "आमचाबी एक हाय आत, तेवढं बघा." नाना सगळ्यांना हो म्हणाले. बायका टेम्पोला हळदकुंकू वाहू लागल्या. आवाजाला कंटाळून आभांनी तो हटवायला सांगितलं, तर अख्खा वेटिंग हॉल उठून उभा राहिला.

एक गर्भ निकिताच्या गर्भाशयात सोडला. "गर्भ उत्तम आहे," आभा म्हणाल्या, "पण रुजेलच अशी खात्री देता येत नाही."

"एक्सपोर्टच्या मालाचीबी नाय देता येत," नाना म्हणाले आणि दुसऱ्याच्या राखणीला परत टेम्पोत जाऊन बसले.

पहिला रुजला नाही. रिपोर्ट आला, मागोमाग पाळी आली, आणि पिंपळगावात निकिता पोट धरून पलंगावर तळमळत असताना लाईट गेली. विजेवरची शेकायची पिशवी गार पडली. सिंधुबाईंनी सवयीनं "सगळ्यांनाच" म्हणायला तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं, आणि फोन उचलून नवऱ्यावर ओरडल्या, "अवो, पोरगी मरायला लागली हितं! लाईट नाय!"

तासाभरानं सगळी आळी हादरली. खिडकीतून जाडजूड वायर आत आली. द्राक्षांचं अख्खं कोल्ड चालवणारा जनरेटर एक एवढीशी पिशवी तापवू लागला.

निकितानं ती पोटाशी धरली. दुखणं तसंच होतं, पण आता त्याचा आवाज पार हायवेपर्यंत जात होता.

"नाना," ती ओरडून म्हणाली, "आणि तिकडं दुसऱ्याजवळ कोण?"

नानांनी डिझेलचा हात धोतराला पुसला.

"तिकडं नायट्रोजन हाय," ते म्हणाले.