अडतिसावा फोटो

मी एक जुना, रोल घालायचा कॅमेरा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी रोल पाहिलाही नसेल. छत्तीस फोटोंची पट्टी माझ्या पोटात भरायची, सगळे काढून झाले की धुवायला द्यायची, आणि तोवर आत काय निघालंय याचा कुणालाच पत्ता नाही.

मी एका शिंपीकाकांचा. लोक लग्नाचे, वाढदिवसांचे फोटो काढतात, आमच्या काकांना भलतंच दिसायचं. गंजलेली कडी, झिजलेली पायरी, शिवणयंत्राखालचा दोऱ्यांचा गुंता. घरात माणसं नाहीत का, असं स्टुडिओवाला विचारायचा. मी कडी असते तर माझाही एखादा निघाला असता, असं काकू म्हणायच्या. काका गालातल्या गालात हसायचे.

मग त्यांना किनाऱ्याचा नाद लागला. ओहोटीला वाळूत अडकलेला एखादा खेकडा, एखादा तारामासा दिसला की काका त्याच्याशेजारी कापड मोजायची टेप पसरायचे, म्हणजे जीव केवढा ते कळावं. फोटो झाला की काकू त्याला बादलीतून पाण्यात सोडायच्या. आधी फोटो, मग पाणी, हा त्यांचा नेमच होता. एकदोनच जीव असायचे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पुढे जवळच्या कारखान्यानं समुद्रात पाइप सोडला आणि मेलेले मासे दिसू लागले. काका तक्रार घेऊन सरकारी कचेरीत गेले, तर साहेब म्हणाले, पुरावा आणा.

एका सकाळी पाहतात तर किनाराभर तारामासे पडलेले. कितीतरी अजून जिवंत होते. घाईत त्यांनी रोल भरला आणि पट्टीचं टोक माझ्या चाकात अडकलंच नाही. खटका ओढला की पट्टी पुढे सरकते आणि माझ्या डाव्या बाजूची चावी फिरते; पट्टी संपली की खटका अडतो. ती जागची हलत नव्हती. मला कळत होतं, पण मी सांगणार कसा?

काकू बादली घेऊन उभ्या होत्या. "अहो, आधी पाण्यात सोडू या ना यांना."

"पुरावा नको का? थांब जरा," काका म्हणाले.

टेप पसरायची, फोटो काढायचा, पुढच्याकडे जायचं. छत्तीस झाले तरी खटका अडला नाही. सदतीस, अडतीस. रोलनं आज दोन जास्तच दिले म्हणून काका खूश! तोवर ऊन चढलं होतं. काकूंनी बादल्यांवर बादल्या वाहिल्या, पण बहुतेक तारामासे पाण्यात गेल्यावरही हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्यानं कोरी पट्टी काकांपुढे धरली.

काकांनी मला खालच्या ड्रॉवरमध्ये चिंध्यांखाली टाकलं आणि किनाऱ्यावर जाणंच सोडलं. मला फार राग आला. चूक यांची आणि कोंडवाडा मला? पण दिवसभर शिवणयंत्र चालायचं आणि काकांचा आवाज मात्र ऐकू यायचा नाही, तेव्हा माझा राग विरून गेला. अशी तीन वर्षं गेली. दमट हवेनं माझ्या भिंगावर बुरशी धरली.

गेल्या महिन्यात काकूंनी मला बाहेर काढलं. किनाऱ्यावर पुन्हा जीव येऊन पडले होते.

"बादली तुम्ही घ्या, फोटो मी काढते," त्या म्हणाल्या. "रोल तेवढा भरून द्या."

काकांनी रोल भरला आणि चावी फिरते का ते तीनदा पाहिलं. मग ते जिवंत जीव पाण्याकडे नेत राहिले. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा मला डोळ्याला लावलं होतं. त्या मेलेल्यांचे फोटो काढत गेल्या. छत्तिसाव्याला खटका अडला. मला हायसं वाटलं.

कचेरीत मी काकांच्या गळ्यातच होतो. बुरशीमुळे फोटो धुरकट आले होते. साहेबांनी ते उजेडात धरून एकेक पाहिले.

"पाइप तर तीन वर्षांपासून आहे म्हणता," ते म्हणाले. "मग आधीचे फोटो कुठे आहेत?"

"मी काढलेच नाहीत," काका म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना पुसून कोरड्या जागी ठेवा, एवढंच मागणं आहे. आणि हातून चूक झाली तर वाईट जरूर वाटू द्या, पण हातातलं काम टाकू नका. त्या तीन वर्षांत तिथे किती जीव मेले, ते आता कुणालाच दाखवता येणार नाही.