संडासाला काकवी

आमच्या सणसरात तवा मोटारसायकली चार-दोन घरी व्हत्या. संडास मातर एकट्या आमच्या घरी, आन त्यालाबी कुलूप.

माझं सासरं, आप्पा, ग्रामपंचायतीत मेंबर. पंच्याण्णव साली गावाला संडासाचं अनुदान आलं, तवा ते आधी कुणाच्या घरात शिरणार? मेंबराच्याच की. बारामतीवरनं पांढऱ्या फरशा आल्या, निळं भांडं आलं, मागं दोन खड्डं घेतलं, दाराला हिरवा रंग दिला आन वर 'शुभ लाभ' लिवलं. राहत्या घराच्या दारावर आजवर अक्षर न्हाय, संडासावर शुभ लाभ. मंग आप्पांनी नारळ फोडला, पेढं वाटलं, कुलूप घातलं आन किल्ली करदोट्याला बांधली.

का, तर खराब हुईल. एवढी चांगली वस्तू बांधायची आन आत जाऊन घाण करायची, हे त्यांच्या डोक्यात काय शिरंना. पाव्हणा आला की आधी संडास दावायचा, मंग चहा. सुप्याचं एक सोयरं आलं व्हतं, बिचाऱ्याचं पोट बिघडलेलं. संडास बगून त्येचं तोंड असं काय फुललं म्हणता! आप्पांनी त्याला फरशा दावल्या, कडी दावली, झरोका दावला, आन मंग तांब्या भरून हातात दिला आन रानातल्या पाटाच्या चारीच्या अंगाला बोट केलं. त्यो माणूस पुन्हा आमच्या घरी जेवायला आला न्हाय.

आन पुसायचा कुणी? मी. मी म्हाळसा, ह्या घरची थोरली सून. वापरला न्हाय तरी धूळ बसतीच की. रोज सकाळी कुलूप काढून आप्पा दारात हुबं, मी आत फडकं मारायची, वर चंदनाची उदबत्ती. देव्हाऱ्यात एक आन संडासात एक. देवाची एखाद्या दिशी ऱ्हायली तर चालायची. माझं मालक, सिद्धू, बापापुढं तोंड उघडायचं न्हाईत. मला म्हणायचं, तू कशाला डोकं लावती? म्हणलं, डोकं न्हाय लावत, फडकं लावती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पर त्या साली दिवाळीच्या आधी आमच्या आत्याबाई, म्हंजी माझी सासू भामाबाई, चारीच्या काठावरनं तांब्यासकट घसरल्या आन घोटा मोडून घेतला. बारामतीला नेलं, पलिस्तर घातलं. पलिस्तर निघालं तवा डॉक्टर म्हणालं, सपाट जाग्यावर चालवा, ढेकळात पाय घालू नका. आता सणसरात बाईमाणसानं ढेकळात पाय न घालता परसाकडं कसं जायाचं, ते डॉक्टरांनी काय लिवून दिलं न्हाय.

त्यात आमच्या फडाला तोड आली. ऊस हुबा हाय तवर बायकांला आडोसा हाय. कारखान्याची टोळी येती, कोयतं चालत्यात, आन दोन दिसात पार चारीपतुर सगळं उघडं. पुरुषांला काय, ते म्हणत्यात बिल कवा येतंय. आमी बायका म्हणतो, आता बसायचं कुठं. मी आत्याबाईंला खाकंत धरून न्यायची. जरा कुठं टेकल्या की टॅक्टरचा उजेड. उठायचं. उजेड गेला की बसायचं, की मागनं बैलगाडी. मोडक्या पायावर उठायचं, बसायचं, उठायचं. एकदा त्या तशाच रडायला लागल्या, आन मला म्हणल्या, बग गं, मी कुणाला सांगू. मला इतका संताप आला की वाटलं त्या हिरव्या दाराला जाऊन काडी लावावी.

मंग आत्याबाईंनी रातचं जेवणच सोडलं. पाणी म्हणलं तर घोटभर. बाई वाळून निम्मी झाली. मी डोईवरचा पदर नीट करून आप्पांपुढं गेली, म्हणलं, मामंजी, निदान त्यांच्यापुरता तरी उघडा. आप्पा काय वाईट न्हाईत हां. बायकुचा पाय मोडला तवा ढसाढसा रडलं व्हतं. पर संडासाचं नाव काढलं की त्यांचं काळीज फरशीगत व्हायचं. म्हणालं, थोडी कळ काढा, इंदापूरचं सायब बगायला येणार हायेत, तवर नवा दिसू द्या. त्यो सायब गेला की दुसरा सायब येणारच व्हता. सायब काय कुठं संपत्यात?

अशात एक दिस ग्रामसेवक फरहत मॅडमला घिऊन आलं. मॅडम बारामतीच्या एका कॉलेजात शिकवायच्या, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, बोलणं एकदम खणखणीत. त्या गावोगाव फिरून पर्यावरणाचं सांगायच्या. म्हणल्या, संडास ॲसिडनं धुवायचा न्हाय. ॲसिडनं खड्ड्यातलं चांगलं किडं-जंतू मरत्यात, मंग मैला कुजत न्हाय, आन ते इख मुरून हिरीच्या पाण्यात येतं. त्यापरीस आंबट ताक वतायचं, मुरू द्यायचं, मंग राख आन लिंबाच्या साली घिऊन काथ्यानं घासायचं. हे त्या सगळ्या गावाला करून दावणार व्हत्या. इंदापूरच्या पंचायत समितीचं सायब येणार, फोटोवाला येणार. आन धुणार कोण, तर घरचा करता पुरुष. म्हंजी बाकीचं पुरुष शिकतील.

ताक संडासात म्हणल्यावर शेजारच्या कुशाबाईनं कपाळावर हात मारला. पर आप्पांनी बाकी काय ऐकलंच न्हाय, त्यांच्या कानात 'फोटो' तेवढा गेला. लगबगीनं कुलूप काढलं. मॅडम आत वाकल्या. उदबत्तीचा वास आला तशा मागं सरल्या. कोनाड्यात ॲसिडची बाटली व्हती, ती त्यांनी उचलली. आप्पा मोठ्या तोऱ्यात म्हणालं, मॅडम, सील बगा, फोडलेलं न्हाय. एक थेंब वापरलेला न्हाय. पर्यावरण म्हणलं की आमी पुढं.

मॅडमनी भांड्याकडं बगितलं, आप्पांकडं बगितलं, मंग माझ्याकडं. समदं कळलं त्यांला. म्हणल्या, "आप्पा, हे धुऊन काय दाखवू? आधी घाण तर व्हायला पाहिजे. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे. तोवर घरातल्या सगळ्यांनी वापरा, आणि घासू नका."

आप्पा व्हय व्हय म्हणालं. मी पळतच आत गेली आन आत्याबाईंला सांगितलं. त्यांला आधी खरंच वाटंना. मंग त्यांनी माझ्याकडनं तांब्या मागून घेतला आन अख्खा तांब्या पाणी प्यायल्या. किती दिसांनी असं पोटभर पाणी प्यायलं बाईनं! दुपारी भाकरीबी एकीच्या जागी दीड खाल्ली.

हिकडं आप्पा गोठ्यात बाजंवर बसून इचार करत व्हतं. फोटो तर पायजे. घाण बी पायजे. पर संडासात कुणी जायाचं म्हणलं की त्यांचा हात करदोट्याच्या किल्लीवर जायाचा. दिस कलला तसं उठलं आन मला हाक मारली, म्हाळसे, काकवीची बरणी आण, आन हळद आण. मला वाटलं पायाला लेप लावायचा असंल. बया, कुठलं काय! वाटीत काकवी वतली, वर हळद, जरा माती, बाभळीच्या काडीनं कालवलं, आन संडासात शिरून भांड्याला डाग रंगवाया लागलं. वघळ कशी येती, कड कशी पिवळी पडती, सगळं तब्येतीनं. काढायचं, मागं सरून एक डोळा बारीक करून बगायचं, पुन्हा एक बोट लावायचं. मला म्हणालं, हितं जरा गडद पायजे का गं? सासऱ्याला काय बोलावं सुनंनं? मी म्हणलं, मामंजी, ह्यापरीस खरं सोपं व्हतं. ते ऐकूनच घेईनात. काम झालं, कुलूप घातलं, आन कार्यक्रमापतुर फडकं-उदबत्तीबी बंद.

आन आत्याबाई पाणी पिऊन बसलेल्या. सांच्याला त्यांला तसंच खाकंत धरून उघड्या रानात नेलं. घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या पालथा घातला.

कार्यक्रमाच्या दिशी दारात मांडव, खुर्च्या, माईक. सगळं गाव जमलं. गावात पयल्यांदा संडास धुणार म्हणल्यावर कोण घरात बसतंय? सायब जीपमधनं आलं, त्यांला हार घातला, नारळ दिला. ओसरीवर आत्याबाई पाय लांब करून बसलेल्या, त्यांच्या शेजारी मी. फरहत मॅडमनी आंबट ताकाची घागर, राख, लिंबाच्या साली, काथ्या असं सगळं मांडून ठिवलं. आप्पांनी नवं धोतार नेसलेलं. करदोट्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं, दार उघडलं, आन सायबांला म्हणालं, या.

आत नुसत्या मुंग्या. तांबड्या, काळ्या, डोंगळं, बारीक, मोठ्या, सगळी जात-जमात. भांड्याचा निळा रंग दिसंना. झरोक्यातनं रांग, दाराखालनं रांग. वर दोन गांधीलमाश्या घिरट्या घालत्यात. मागची माणसं टाचा उंचावून बगाया लागली.

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पर सायबांचं तोंड एकदम मऊ झालं. आप्पांच्या पाठीवर हात ठिवून हळूच म्हणालं, "मेंबर, घरात कुणाला साखर आहे का हो? मुंग्या लागतात तशा. आमच्याकडंही असंच कळलं होतं."

आता काकवी म्हणावं तर फजिती, आन साखर म्हणावं तर रोग. आप्पांनी रोग घेतला. म्हणालं, व्हय सायब, मलाच हाय. झालं! सायबांला सखा भाऊ भेटला. गोळी कुठली घेता, पायाला मुंग्या येत्यात का, रातचं कितीदा उठता? आप्पा ठोकून देत व्हतं. चहा आला तवा सायबांनी आप्पांसाठी बिनसाखरेचा करून आणायला लावला. जन्मात ज्या माणसानं चार चमचं साखरंशिवाय कपाला तोंड लावलं न्हाय, त्यानं त्यो काळा घोट गिळला. मॅडम सगळं बगत व्हत्या. वाकून त्यांनी भांड्याच्या कडंला वास घेतला आन वठ दाबून धरलं.

मंग सायबांनी आप्पांला माईक दिला, म्हणालं, गावाला दोन शब्द सांगा. हितं आप्पांनी घात केला. माईक हातात आला की त्यांचं भान जातं. म्हणालं, "गावकऱ्यांनो, ह्यो संडास मी सोतासाठी बांधला न्हाय. बाईमाणसाच्या अब्रूसाठी बांधला. आमच्या मालकिणीचा पाय मोडला, तवापसनं तिला हितंच जायाची सोय केली. तिला आता ह्याच्याबिगर चालतच न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत्याबाईंकडं बगितलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं व्हतं. मला म्हणल्या, हात दे. मी हात दिला. त्या भिताडाला धरून उठल्या, डोईवरनं पदर घेतला आन ओसरीच्या पायऱ्या उतरल्या. मला वाटलं मागल्या दारानं रानात चालल्यात. तर त्या नीट मांडवात आल्या. लंगडत, गावच्या सगळ्या पुरुषांच्या मधनं, सायबाच्या समोरनं. ज्या बाईनं उभ्या जन्मात थोरल्या माणसांपुढनं मान वर करून पाऊल टाकलं न्हाय, ती बाई!

आप्पांच्या समोर थांबल्या आन म्हणल्या, "माझ्यासाठी बांधलाय व्हय? मंग सरा बाजूला."

ताकाच्या घागरीजवळ पाण्याची बादली व्हती, ती मी उचलून आत ठिवली. त्या आत गेल्या. दार लावलं. कडी घातली. कडीचा आवाज पार मागच्या रांगंपतुर गेला. मंग आत भांड्यात पाणी वतल्याचा आवाज आला. काकवी आन मुंग्या गेल्या खड्ड्यात. मंग काय आवाज न्हाय.

सगळं गाव खोळंबलं. पुरुष वर मांडवाच्या कापडाकडं बगाया लागलं. सायबांनी घड्याळ बगितलं, पुन्हा बगितलं. फोटोवाल्यानं क्यामेरा पोटाशी धरला. ग्रामसेवकाला काय सुचंना, त्यानं माईक घिऊन उसाच्या नव्या बेण्याची माहिती सुरू केली. दारामागं आत्याबाई निवांत. ना टॅक्टर, ना बैलगाडी, ना उजेड. बसल्या त्या बसल्या. मी दाराला पाठ लावून हुबी व्हती, आन माझ्या डोळ्यांला धार लागली व्हती. हसू येत व्हतं का रडू, माझं मलाच कळंना. कुशाबाईबी पदर तोंडाला लावून हुबी, तिच्या मागं गावच्या बायका, आन एकीनंबी मान खाली घातली न्हाय.

बऱ्याच येळानं कडी निघाली. आत्याबाई भाईर आल्या. तोंडावर इतकं समाधान, की तीर्थाला जाऊन आल्यासारखं. मॅडमला म्हणल्या, "बाई, आता घाण हाय. आता काय वतायचं ते वता."

फरहत मॅडमनी आत डोकावलं, मान हलवली, आन काथ्या उचलून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी सायबांकडं बगितलं. सायब म्हणालं, कार्यक्रमात तसंच ठरलंय ना? फोटोवाला पुढं झाला. आप्पांनी उपरणं नाकाला बांधलं, नवं धोतार खवलं आन वाकलं. मॅडम ताक वतत व्हत्या, राख कुठं टाकायची ते सांगत व्हत्या. आप्पा घासत व्हतं. सगळं गाव बगत व्हतं.

आत्याबाई माझ्या खांद्याला धरून दारातच थांबल्या, आन नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीला म्हणल्या, "कडंनं नीट घासा. मला सांच्याला पुन्हा यायचंय."