रोज चाळीस, संध्याकाळी एकशेतीस

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, टायर म्हटल्यावर लगेच पान उलटू नका. आज कामरगावात हुकूमचंद शेठजींच्या किराणा दुकानापुढे मी आडवा पडलोय आणि माझ्यावर गोणपाट टाकून लोक बसतात, हे खरं. पण एका संध्याकाळी तीन माणसांचा जीव माझ्या भरवशावर होता. ती गोष्ट ऐकाच.

माझा जन्म एका तापलेल्या साच्यात झाला. बाहेर पडलो तेव्हा माझ्या कुशीवर माप, वजनाचा आकडा आणि शेवटी एक अक्षर उमटलं होतं, एल. टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल, ते या अक्षरावरून कळतं. एल म्हणजे ताशी एकशेवीस किलोमीटर. मला घडवलं होतं छोट्या टेम्पोसाठी. ओझं भरपूर उचलावं आणि बेताने चालावं, एवढंच माझ्याकडून मागणं होतं. शेजारच्या रांगेत टी अक्षराचे टायर असत. ते मोटारींचे, एकशेनव्वद वेगाचे. आमच्याशी ते तोऱ्यातच बोलत.

कारंज्याला धनसिंग यांच्या दुकानात मी टांगलेला असताना शेठजी आणि त्यांच्या पत्नी नीलमबाई मोटारीसाठी टायर घ्यायला आले. शेठजींचा सारा जन्म तराजूपाशी गेलेला. टायर पाहूनही त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"हा किती क्विंटल झेलते?"

"झेलते तं भरपूर," धनसिंग म्हणाले. "पण शेठजी, हा टेम्पोचा आहे. तुमच्या गाडीले टी अक्षर लागते. याचं अक्षर लहान आहे."

"मी काय शर्यत लावून राह्यलो? माह्या गाडीचा काटा चाळीसच्या वर गेलेला कोनी पाह्यला नाई. वजनाले भक्कम आहे, हाच द्या."

"अन् दिवस बुडायले आला म्हंजे? जेवाले घरी पोचाच्या घाईत किती पळवता?" नीलमबाईंनी विचारलं.

शेठजींना ते ऐकू आलं नाही. नवऱ्यांना काही वाक्यं ऐकू येत नाहीत, हे मला पुढे कळलं. मी आणि माझे तीन भाऊ मोटारीला लागलो.

सुरुवातीचे दिवस मोठे सुखाचे गेले. शेठजी खरंच चाळीसने चालवत. मागच्या सीटवर साखरेचे कट्टे, डिकीत तेलाचे डबे, आणि मी ऐटीत. गावातले शालिग्रामभाऊ बैलगाडीतून जाताना हाक मारून विचारत, "शेठजी, गाडी चालून राह्यली का उभी आहे?" शेठजी हसत आणि घरी उतरल्यावर मला थोपटत. "पाहा कसा दगडासारखा आहे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कौतुकाने मी फुगून जाई. हवा तर आधीच भरलेली होती.

मग शालिग्रामभाऊंच्या लेकीचं, ज्योत्स्नाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं, मेडशीला मुलाच्या घरी. शेठजी, नीलमबाई आणि शेठजींच्या आई भागिरथीबाई निघाले. भागिरथीबाईंचं वय ऐंशीच्या घरात. त्यात त्या दिवशी त्यांचं एकाशन होतं. म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, तेही दिवस बुडायच्या आत. दिवस बुडाला की सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही.

मेडशीच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी होती. जैन रीतीप्रमाणे भागिरथीबाईंना ती चालत नाही. "घरी जाऊन जेवते," त्या म्हणाल्या. पण निघणार कसं? प्रत्येक पाहुण्याला टोपी-दुपट्टा देऊन सत्कार सुरू झाला होता. ज्याचा झाला नाही तो रुसणार आणि ज्याचा झाला तो दोन शब्द बोलणार. शेठजींच्या डोक्यावर टोपी आली तेव्हा ऊन चांगलंच कललं होतं.

वाशीमकडच्या मालेगावजवळ आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. शेठजींनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा आरशात आईच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि हाच का तो चाळीसवाला माणूस, असा मला प्रश्न पडला. काटा शंभर. मग एकशेवीस. रस्त्याच्या पाटीवरचा वेग आम्ही गाठला.

"अहो, हळू घ्या," नीलमबाई म्हणाल्या.

"आई सकाळपासून उपाशी आहे."

काटा एकशेतीसवर गेला. मित्रांनो, मला फार भीती वाटली. दिवसभर तापलेला सिमेंटचा रस्ता खालून भाजत होता आणि माझं अंग आतून पेटत होतं. ओझं उचलायला मी कधी नाही म्हटलं नसतं, पण हे माझं काम नव्हतं. माझ्या अंगातले पदर एकमेकांना सोडू लागले. फुटलो तर काय होईल, ते मला ठाऊक होतं. बोलता येत नव्हतं, म्हणून पाठीवर भलं मोठं टेंगूळ आणलं आणि धडधडायला लागलो. स्टिअरिंग शेठजींच्या हातात थरथरू लागलं.

"हुकूम," मागून भागिरथीबाई शांतपणे म्हणाल्या, "मी आज उपाशी राह्यली तं उद्या जेवन. तू हळू घे."

शेठजींनी पाय हलकेच काढला. गाडी हळूहळू कडेला आली. त्यांनी उतरून माझं टेंगूळ पाहिलं आणि माझ्याशेजारी रस्त्यावर बसले. डोक्यावरची टोपी तशीच होती. नीलमबाई डिकीतून स्टेपनी काढायला गेल्या. स्टेपनी बसेपर्यंत दिवस बुडाला. भागिरथीबाईंनी हात जोडले आणि डोळे मिटून सकाळपर्यंतचा उपवास धरला. त्या रात्री घरात कोणीच जेवलं नाही.

माझे भाऊ आता एका छोट्या टेम्पोला लागले आहेत आणि मजेत आहेत. मोटारीला टी अक्षराचे चार टायर आले. नीलमबाईंनी त्यावर भरवसा ठेवला नाही. त्या कुठंही निघताना जेवणाचा डबा आधी घेतात आणि नवरा मागून. माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला शेठजी माझं अक्षर दाखवून व्याख्यान देतात. परवा एकजण सायकलवर आला होता, तोही सुटला नाही.

माझंही तुम्हाला एवढंच सांगणं आहे. टायर घेताना आपण रोज किती वेगाने जातो, ते सांगू नका. उशीर झाला की कसे पळतो, ते सांगा. आणि तेव्हाही पळू नका.

मोडीत जायचीही माझी तयारी होती. त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी अंगणात मला पाहून शेठजी चिडले होते. "यानं आईले उपाशी ठेवलं, भंगारात देऊन टाका." भागिरथीबाई तेव्हा पहिला घास घेत होत्या. ताट बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "राहू दे त्याले दारात. मले उपाशी ठेवलं, पण माह्यं लेकरू घरी आणलं."